साडेनऊला गाशा गुंडाळा

(दृश्य: घोडचेस्टनटच्या झाडांखाली लाकडी टेबलं-बाकांच्या रांगा. खाली बारीक खडी. लोक बिअरचे मग घेऊन चालताहेत.)

जून महिना. घड्याळात रात्रीचे नऊ, पण झाडांच्या शेंड्यांवर अजून ऊन आहे. दक्षिण जर्मनीत या दिवसांत सूर्य मावळतो सव्वानऊच्या सुमारास, आणि त्यानंतरही बराच वेळ उजेड रेंगाळतो. दिवसभराचा उकाडा आत्ता कुठे उतरायला लागलेला असतो. बाहेर बसावं, चार घास खावेत, गप्पा माराव्यात, अशी खरी वेळ हीच.

आता समजा, नेमकं याच वेळी कोणी येऊन सांगितलं की साडेनऊला सगळं बंद. उठा.

1995 साली एका बिअरगार्डनमध्ये, म्हणजे झाडांखाली उघड्यावर बसून बिअर प्यायच्या बागेत, हे खरंच घडलं. ती बाग आजही सुरू आहे. म्युनिक शहराच्या दक्षिणेला, इझार नदीच्या काठी पुलाख नावाचं गाव आहे. वस्ती नऊ हजारांच्या आसपास. त्याच गावाचा एक भाग ग्रोसहेसेलोहे, आणि तिथे नदीच्या उंच काठावर ‘वाल्डविर्टशाफ्ट’ नावाची मोठी बिअरगार्डन आहे. लोक लाडाने तिला ‘वावी’ म्हणतात. एका वेळी दोन हजारांवर माणसं बसतील एवढी जागा. जॅझ संगीतासाठी प्रसिद्ध. शहरातून लोकल गाडीने यावं, नदीकाठच्या रस्त्याने सायकलवर यावं, नाहीतर मोटारीने.

मोटारीने. हा शब्द लक्षात ठेवा, कारण भांडणाचं मूळ बागेत जेवढं होतं तेवढंच रस्त्यावर होतं.

(दृश्य: गावातला अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना कुंपणं आणि बैठी घरं.)

गावातल्या काही शेजाऱ्यांनी कोर्टात धाव घेतली. तक्रार साधी होती: वाद्यांचा आवाज, माणसांचा आवाज, आणि शेवटी निघणाऱ्या गाड्यांचा आवाज. जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा हा शांततेचा काळ मानतात. तिथल्या माणसाला तो पाठ असतो. आपल्याकडेही 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र दहापासून सहापर्यंतच धरली आहे, पण आपण ती आठवतो ती बहुतेक गणपतीत, भोंगा बंद करायची वेळ झाली की. तिथे दहानंतर शेजारी बेल वाजवतो. मग पोलीस येतात. मग वकील.

म्युनिक ज्या प्रांतात आहे त्या बव्हेरियाच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने शेजाऱ्यांची बाजू उचलून धरली आणि बागेला वेळ घालून दिली. साडेनऊ.

दहा का नाही? थोडा विचार केला तर गणित सुटतं. दहाला शांतता हवी असेल, तर दहाला बंद करून भागत नाही. दोन हजार माणसं एकदम अदृश्य होत नाहीत. ती उठतात, पाकिटं शोधतात, मुलांना हाका मारतात, फाटकापाशी पुन्हा दहा मिनिटं बोलत उभी राहतात. ही खोड फक्त आपली नाही. मग गाड्यांची दारं धाडधाड लागतात. आवाज अर्धा तास बागेतून गावाकडे सरकत जातो.

आणि रात्रीचा आवाज दिवसासारखा वागत नाही. रहदारी थांबलेली असते, त्यामुळे जो खिदळण्याचा आवाज दुपारी विरून गेला असता तो आता सुटा ऐकू येतो. त्यात नदीचं खोरं. संध्याकाळनंतर जमिनीलगतची हवा आधी गार होते, वर उबदार थर राहतो, आणि वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. उघड्या खिडकीत झोपलेल्या माणसाला दूरच्या टेबलावरचा विनोद कळतो, फक्त हसायला येत नाही.

मोजायच्या पद्धतीतही एक गंमत आहे. जर्मनीत आवाजाच्या मर्यादांचं एक अधिकृत कोष्टक आहे. साध्या रहिवासी भागाला दिवसा 55 डेसिबल, रात्री 40. आपल्या नियमांत रहिवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45, म्हणजे कागदावर फार लांब नाही. पण दिवसाचा आकडा तिथे सोळा तासांची सरासरी काढून ठरतो, आणि रात्री मात्र सगळ्यात गोंगाटाचा एकच तास पकडतात. दुपारभर कितीही कल्ला झाला तरी सकाळच्या शांततेत तो पातळ होतो. रात्री दहा ते अकराचा कल्ला पातळ करायला काहीच नसतं. आणखी मजा म्हणजे हे कोष्टक मुळात यंत्रं, कारखाने असल्या गोष्टींसाठी. मोकळ्यावरची खाण्यापिण्याची ठिकाणं त्यातून चक्क वगळलेली आहेत. तरी न्यायाधीशांना कशाचा तरी आधार लागतोच, म्हणून ते त्याच्याकडेच बघतात. हसणाऱ्या माणसांचा आवाज मोजायला हातात पट्टी कारखान्याची.

(दृश्य: म्युनिकचा मारिएनप्लात्झ चौक. चर्चचे मनोरे, गर्दी.)

साडेनऊचा निकाल आला आणि बव्हेरिया पेटून उठला. हा प्रांत एरवी शिस्तीचा, पण 12 मे 1995 रोजी म्युनिकमध्ये सुमारे पंचवीस हजार माणसं मोर्चाने उतरली. सह्यांच्या गठ्ठ्यांत दोन लाखांच्या आसपास नावं होती. या प्रकाराला ‘बिअरगार्डन क्रांती’ असं नाव पडलं. नाव विनोदी वाटतं, पण मुख्यमंत्री एडमुंड श्टॉयबर यांना त्यात विनोद दिसला नसावा. सरकारने त्याच वर्षी खास अधिसूचना काढून बागांना रात्री अकरापर्यंत मुभा देऊन टाकली.

एका खाण्याच्या जागेसाठी एवढं? हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

सोळाव्या शतकात बव्हेरियात नियम होता की बिअर गाळायची ती 29 सप्टेंबर ते 23 एप्रिल या काळातच. उन्हाळ्यात भट्ट्यांमुळे आगी लागत, आणि गरमीत मालही बिघडे. मग मार्चमध्ये जरा कडक बिअर करून ठेवायची आणि ती उन्हाळाभर पुरवायची. त्यासाठी इझारच्या काठावरच्या उतारांत खोल तळघरं खणली. वरची जमीन थंड राहावी म्हणून घोडचेस्टनटची झाडं लावली: पानं रुंद, सावली दाट, आणि मुळं वरवरची, म्हणजे तळघराच्या छताला धक्का नाही. जमिनीवर खडी पसरली. आता सावली आहे, खडी आहे, पायाखाली गार बिअर आहे, तर लोक तिथेच बसून पिणार नाहीत तर काय करणार?

गावातले खानावळवाले मात्र भडकले. गिऱ्हाईक तिकडे चाललं. तक्रार थेट राजाकडे गेली. 4 जानेवारी 1812 रोजी राजा पहिला मॅक्सिमिलियन योसेफ याने तोडगा काढला: बिअर करणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर आपल्या तळघरांवर स्वतःची बिअर खुशाल विकावी, सोबत पाव द्यावा. बाकी खाणं किंवा दुसरं पेय द्यायला सक्त मनाई.

मग लोक घरून डबा आणायला लागले.

(दृश्य, जवळून: पांढऱ्या मुळ्याचा सुरीने कापलेला लांब चक्राकार पापुद्रा. वर मीठ. मुळ्याला पाणी सुटतंय.)

तीच रीत आजवर चालू आहे. ज्या टेबलावर कापड अंथरलंय तिथे वेटर येणार, मागवून खायचं. उघड्या टेबलावर मात्र पेय तिथलं घ्यायचं आणि खाणं घरचं उघडायचं, पैसे नाहीत. मीठ लावून पाणी सुटलेला मुळा, पाव, लोणी घालून मळलेलं चीज, उकडलेली अंडी. लोक टेबलावर घालायला स्वतःचा कपडासुद्धा घेऊन येतात. उद्या तिथे राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाने थालीपीठ आणि ठेच्याचा डबा काढला, तरी हटकायचा अधिकार कोणाला नाही. शेजारच्या बाकावरून वास कसला म्हणून विचारणा होईल, एवढंच.

म्हणजे ज्याच्या खिशात एका पेयापुरतेच पैसे आहेत तोही संध्याकाळभर सहकुटुंब बसू शकतो. लोक रस्त्यावर उतरले ते या हक्कासाठी. निदान बरेचसे.

पण मला इथे शेजाऱ्यांबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत, कारण या गोष्टीत त्यांना नेहमी खडूस ठरवून सोडून देतात. मोर्चा निघाला म्युनिकच्या चौकात. त्यातले बहुतेक लोक रात्री आपापल्या घरी जाऊन झोपणार होते, आणि ती घरं ग्रोसहेसेलोहेच्या रस्त्यावर नव्हती. छोट्या गावात मोठं आकर्षण असलं की हे असंच होतं. मजा शहराची, जागरण गावाचं. पंचवीस हजारांच्या घोषणेपुढे चार घरांच्या खिडक्यांना मत नसतं. त्यांच्याकडे कोर्ट असतं.

आणि कोर्टानेच त्यांना पुन्हा हात दिला. 28 जानेवारी 1999 रोजी जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने बव्हेरियाची ती अधिसूचना रद्द केली. शेजाऱ्यांना आवाजापासून संरक्षण देणं हा देशाचा कायदा आहे, आणि मोर्चा केवढाही मोठा असला तरी राज्य सरकारला तो गुंडाळून ठेवता येत नाही. सरकारला पुन्हा लिहायला बसावं लागलं.

20 एप्रिल 1999 ची ती दुसरी अधिसूचना आज लागू आहे, आणि माझ्या मते ती पहिलीपेक्षा कितीतरी शहाणी आहे. कारण त्यात ‘बंद’ हा एक ठोका नाही.

(दृश्य: बागेतलं घड्याळ. खाली वादक वाद्यं पेटीत ठेवताहेत.)

रात्री दहा: वाद्यं थांबली पाहिजेत.

साडेदहा: खिडकीवरचं वाढप बंद. नवं पेय नाही, नवी ताटली नाही.

आणि अकराच्या आत बागेमुळे रस्त्यावर आलेली रहदारीसुद्धा उरकलेली असली पाहिजे. म्हणजे बागवाल्याची जबाबदारी फाटकापाशी संपत नाही, शेवटची गाडी गावाबाहेर पडेपर्यंत ती चालते. शेजाऱ्यांची खरी तक्रार जिथे होती, तिथे नियमाने बोट ठेवलं. बदल्यात कायद्याच्या हिशेबात या बागांपुरती रात्र दहाऐवजी अकराला सुरू होते. तो एक तास फार मोलाचा आहे. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे केलेली असतात, त्यामुळे दहाला तिथे नुकताच अंधार पडलेला असतो.

सवलत सगळ्यांना नाही, हेही बघा. रस्त्यावर चार टेबलं मांडणाऱ्या उपाहारगृहाला या अधिसूचनेचा फायदा मिळत नाही. जागा खरोखर बागेसारखी हवी, आणि जुनी रीत पाळलेली हवी, विशेषतः घरचा डबा फुकट खाऊ देण्याची. ज्यादा तास हवा, तर गरिबाच्या डब्याला जागा दे. हा सौदा मला पटतो. आपल्याकडच्या पर्यटनाच्या गावांत हॉटेलवाले वेळ वाढवून मागतात तेव्हा बदल्यात गावाला काय, हे विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. नगरपरिषदेच्या ठरावात वेळ येते, आणि ती पाळली जाते की नाही ते गस्तीची गाडी किती वाजता फिरते त्यावर ठरतं. “चला, आवरा आता” म्हटलं की शटर अर्धं खाली. गाडी पुढे गेली की पुन्हा वर.

नियम शहाणा आहे, पण प्रश्न संपवत नाही. रहदारी ‘बागेमुळे’ आली हे ठरवायचं कसं? गाडीत बसलेला माणूस बागेत बिअरचा मग रिकामा करून निघालाय की मावशीकडून? आणि दोनशे पावलांवर सायकल धरून गाणं म्हणत उभ्या असलेल्या दोघांना कोणी हटकायचं, बागवाल्याने की पोलिसाने? कागद त्यावर फार बोलत नाही.

(दृश्य: वाढपाच्या खिडकीपुढे रांग. मग भरला जातोय, फेस वर येतोय.)

मगाचंच घ्या. इथला मग एक लिटरचा. नियमाप्रमाणे दहा वाजून एकोणतीस मिनिटांनी तो भरून मागायचा कोणालाही अधिकार आहे. त्यानंतर अर्ध्या तासात तो संपवायचा, डबा आवरायचा, पोरं गोळा करायची, स्टेशन गाठायचं, आणि हे सगळं अकराच्या आत. एक लिटर आणि एकतीस मिनिटं हा मेळ अधिसूचनेत कुठेही घातलेला नाही. तो खिडकीमागे उभ्या असलेल्या माणसाने घालायचा: रांगेकडे बघायचं, घड्याळाकडे बघायचं, आणि सव्वादहालाच मोठ्याने सांगायचं की आता अर्धाच मिळेल.