सीडी गेली कुठे, हे कोण पाहणार?

(विश्रामबाग, सांगली येथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मघाशी चहाच्या वेळी एका मुलाने विचारलं, "सर, सीडीची कसली टेस्ट लिहायची? फोल्डर बदलला की बदलला." सीडी म्हणजे फोल्डर बदलायची कमांड, आणि शेल म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम. मी म्हटलं, ती कमांड शेलच्या पोटातच का असते, ते आधी सांग. गडी गप्प.

एलएस, म्हणजे फोल्डरमधल्या फाइलींची यादी दाखवणारी कमांड, ही वेगळी फाइल आहे. शेल तिच्यासाठी नवी प्रोसेस (स्वतंत्र चालणारा प्रोग्राम) काढतो, ती काम उरकते आणि संपते. सीडी तशी चालवली तर जागा बदलेल त्या नव्या, म्हणजे चाइल्ड प्रोसेसची, शेलची नाही. पोरगं मिरजेला जाऊन आलं म्हणून बाप सांगलीतून हलत नाही. म्हणून सीडी, आणि शेलची व्हेरिएबल्स बदलणाऱ्या एक्सपोर्ट, अनसेट, रीड ही मंडळी शेलच्या आतच राहतात. यांनी काय छापलं यापेक्षा, त्या चालून गेल्यावर शेलमध्ये काय बदललं ते तपासायचं.

आणि इथेच पहिला खड्डा. आउटपुट पकडायला आपण सवयीने डॉलर लावून कंसात कमांड लिहितो. तो कंस म्हणजे सबशेल, शेलची वेगळी प्रत. आतली सीडी आतच विरते, आणि तुम्ही म्हणता माझी सीडी चालत नाही! शिवाय तो कंस शेवटच्या नव्या ओळी गुपचूप कापतो. म्हणजे साधा एको (दिलेला मजकूर छापणारी कमांड) आणि 'मायनस एन' (शेवटची नवी ओळ नको) लावलेला एको, दोन्ही सारखेच दिसणार. फरक तपासायचाय तोच पुसला गेला. त्यापेक्षा आउटपुट फाइलमध्ये टाका आणि बाइट मोजा. यूटीएफ-8 मध्ये 'राम'चे 9 बाइट. साध्या एकोने 10 यायला हवेत, मायनस एनने 9. पीडब्ल्यूडी (बांधकाम खातं नव्हे, आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते सांगणारी कमांड!) तपासताना सिम्बॉलिक लिंकवरून (दुसऱ्या फोल्डरकडे नेणारं टोपणनाव) आत शिरा, साधं विचारलं तर लिंकचा रस्ता सांगते, मायनस कॅपिटल पी दिलं तर खरा.

आता माझी फजिती. टेस्टच्या फंक्शनमध्ये मी 'लोकल' (फंक्शनपुरतं व्हेरिएबल जाहीर करणारी कमांड) लिहून त्याच ओळीत कमांडचं आउटपुट घेतलं आणि पुढच्या ओळीत एक्झिट स्टेटस, म्हणजे कमांड संपताना देते तो आकडा (0 म्हणजे यश), पाहिलं. ते स्टेटस कमांडचं नव्हतंच, लोकलचं होतं. आणि लोकलला नाव जाहीर करायचंय फक्त, ते 0च देणार. सगळं हिरवं, म्हणजे सगळ्या टेस्ट पास. एकदा नसलेल्या फोल्डरमध्ये सीडी करायला लावलं, तरी हिरवं! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून मी नवी टेस्ट लिहिली की आधी कमांड मुद्दाम मोडतो. लाल झाली तरच ती टेस्ट ठेवतो. लोकल एका ओळीत, आउटपुट घेणं दुसऱ्या ओळीत, एवढाच उपाय होता.

कृष्णेच्या पुराची पातळी सांगलीत आयर्विन पुलावर मोजतात. पावसाळ्यात आपण एकमेकांना विचारतो, "आयर्विनला किती फूट झालं?" 40 फूट इशारा, 45 धोका. पाणी 20 वर असताना कोणी विचारत नाही. 39 झालं की झोप उडते. एक्झिट स्टेटसची काठ-पातळी 255. आठ बिटांत त्यापुढे मावत नाही, म्हणून बॅश या शेलमध्ये 'एक्झिट 256' म्हटलं की हातात 0 येतं. किती टेस्ट पडल्या तो आकडाच एक्झिट स्टेटस म्हणून परत करणारे लोक मी पाहिलेत. बरोबर 256 पडल्या की स्क्रिप्ट सांगणार, सगळं ठीक!

अजून एक, मग प्रश्न घेऊ. फोल्डरचे सगळे परवाने काढून त्यात सीडी करायची आणि ती फसते का पाहायचं, ही टेस्ट बहुतेक जण लिहितात. स्वतःच्या लॅपटॉपवर फसते. कंटेनरमध्ये (प्रोग्राम चालवायची वेगळी बंदिस्त जागा) तुम्ही बहुधा रूट, म्हणजे सर्वाधिकारी यूजर, असता, आणि रूटला तिथे कोणी अडवत नाही. सीडी खुशाल आत जाते आणि टेस्ट पडते. म्हणून आधी यूजर आयडी विचारून घ्या. 0 आला, म्हणजे रूट असाल, तर ही टेस्ट वगळा, आणि वगळली असं ठळक छापा.