शेवटच्या आंघोळीचं बटण

अध्यक्ष महाराज, आणि सकाळच्या गारठ्यात कानटोप्या घालून आलेली सगळी मंडळी. पत्रिकेत विषय भारदस्त छापलाय, ‘हिवाळ्यात घरगुती वीजबचत’. दारातच एकानं मला अडवलं. म्हणाले, सोलापुरात वीज वाचवायची ती उन्हाळ्यात की ओ, हिवाळ्यात काय वाचवता? पंखे बंद, कूलर माळ्यावर. खरं सांगतो, मीही तसंच समजत होतो. आणि मी कोण, तर यंत्रमागाच्या कारखान्यांत उभा जन्म वायरमनकी केलेला माणूस.

तीन वर्षांपूर्वी गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या जत्रेला, आमच्याकडे बार्शीचे पाहुणे आले. नंदीध्वज बघायचे, अक्षता सोहळा बघायचा, म्हणून चांगले सहा दिवस राहिले. पाहुणे गेले, आणि मागोमाग बिल आलं. मे महिन्याच्या बिलाशी टक्कर! मे महिन्यात आमचा कूलर रात्रंदिवस चालतो हो. मी तडक बिलाच्या खिडकीवर. आत नातीच्या वयाची मुलगी. तिनं एकच विचारलं, “आजोबा, घरी गिझर आहे का?” मी म्हटलं, बाळ, मला वीज शिकवू नकोस, मीटर तपासायला माणूस पाठव. अर्ज केला, फी भरली. शेजारी चेक मीटर लावून तपासणी झाली. मीटर पास झालं. नापास कोण झालं ते तुम्ही ओळखलंच.

पण वायरमनची खोड जाते का? रात्री दोनला उठलो. घरातली बटणं बंद, फ्रिजचा प्लगसुद्धा काढला आणि जिन्याखाली मीटरसमोर स्टुलावर बसलो. मीटरवर तो लाल दिवा असतो बघा, वापर वाढला की भरभर लुकलुकतो. तो गप्प होता. अर्ध्या तासानं एकदम पेटला, थोडा वेळ भराभर लुकलुकला, पुन्हा गप्प. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी एकेक एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागचा खटका, पाडत गेलो. बाथरूमचा पाडला आणि खेळ संपला. गिझर! त्याच्या बटणातला इंडिकेटर दिवाळीत गेला होता. दहा-वीस रुपयांचं काम, ‘उद्या करू’ म्हणून मीच ठेवलेलं. दिवा नाही म्हणजे बटण बंद, असं घरातला प्रत्येक जण समजायचा आणि जाता-येता खालीवर करायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात. आमच्याकडे दिवाच अंधारात होता.

हसा, हसा. पण त्या रात्री मला बंब आठवला. तांब्याचा बंब इथं कितीजणांनी पेटवलाय? हात वर करा. बघा, निम्मी सभा. मध्ये विस्तवाची नळी, भोवती पाणी, खाली राख. आई पहाटे पेटवायची आणि मग घरात आरोळी : “पाणी तापलंय, उठा!” एकापाठोपाठ एक सगळे न्हाऊन मोकळे. ज्याला उशीर, त्याला कोमट. बंब दुपारपर्यंत कुणासाठी पेटत नव्हता, कारण लाकडं विकत होती आणि ती डोळ्यांदेखत संपत होती. वीज संपताना दिसत नाही. आमचे चिरंजीव सकाळी साडेदहाला आंघोळीला जातात, सूनबाई सातला, नातू शाळेचा म्हणून सहाला, आणि मी? मी शिस्तीचा, तेव्हा पाचला. चार माणसं, चार वेळा गिझर. माझं म्हणणं एवढंच आहे की बिल यंत्रानं चढत नाही, वेळापत्रकानं चढतं. (अध्यक्ष घड्याळ बघतायत. त्यांचं वेळापत्रक वेगळं.)

आता हिशेब. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला साधारण 4.2 किलोज्यूल लागतात. 15 लिटरचा गिझर, पाणी 20 अंशांवरून 60 वर न्यायचं, तर सुमारे 0.7 युनिट. 2 किलोवॅटच्या कॉइलला वीस-एकवीस मिनिटं. त्यात तेवढंच गार पाणी मिसळलं की 30 लिटर आंघोळीजोगं ऊन पाणी झालं, म्हणजे दीड बादली. इथपर्यंत वावगं काही नाही. वावगं पुढं आहे. तुम्ही गरम पाणी काढता तसं खालून गार पाणी आत येतं आणि बटण चालू असेल तर गिझर तेही तापवायला घेतो. शेवटचा माणूस आंघोळ करून बाहेर येतो, तोवर मागे पुन्हा 15 लिटर कढत पाणी तयार. कुणासाठी? कुणासाठीच नाही. ते दिवसभर भिंतीला ऊब देत निवतं. म्हणून आमच्या घरचा कायदा असा : शेवटच्यानं बटण आंघोळीच्या आधी बंद करायचं, नंतर नाही. टाकीतलं गरम पाणी त्याला पुरतं. रोज अर्धं-पाऊण युनिट वाचलं तरी महिन्याला पंधरा-वीस. आणि ही युनिटं बिलाच्या वरच्या टोकाची. शंभरच्या पुढच्या युनिटांना चढा दर, तीनशेच्या पुढं आणखी चढा. वाचतं ते महागातलंच वाचतं.

आणखी एक, मग पुढं जातो. आमचे वडील मागावरून सुटले की संध्याकाळी आंघोळ करायचे, अंगावरचे सुताचे तंतू घालवायला. गच्चीवरची काळी टाकी दिवसभर उन्हात असते. पहाटेच्या आणि दुपारी चारच्या पाण्यात दहा अंशांचा फरक धरला, तर बादलीमागे जवळजवळ पाव युनिट सूर्यानंच भरलं. निवृत्त माणसानं पहाटे पाचला कशासाठी न्हायचं? मी आता दुपारी चारला न्हातो. घरात याला म्हातारचळ म्हणतात.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मग भराभर सांगतो.

रूम हीटर आपल्या गावात घेऊ नका. तो 2000 वॅटचा, तासाला दोन युनिटं खातो आणि दार उघडलं की सगळं बाहेर. खोली तापवण्यापेक्षा अंग झाका. चादरीच्या गावात हे मी सांगायचं म्हणजे!

फ्रिजचा काटा हिवाळ्यात कमी गारव्यावर आणा.

आपल्याकडचं पाणी क्षाराचं. कॉइलवर पांढरा थर बसतो. थरानं वीज फार वाया जात नाही, पण कॉइल लवकर जळते. वर्षातून एकदा साफ करून घ्या. नवा गिझर घेताना स्टार बघा. ते स्टार पाणी किती लवकर तापतं याचे नसतात, तापलेलं पाणी किती वेळ गरम राहतं याचे असतात.

सोलर बंबाचं तोंड दक्षिणेला हवं. छतावरच्या सौर विजेला सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार, 3 आणि पुढं 78 हजार अनुदान आहे. यावर मी पाऊण तास बोलणार होतो, ते राहिलं.

काय म्हणालात? हिटर रॉड? रॉड आणि गिझर, पाणी तेवढंच तापवायचं तर वीज साधारण सारखीच लागते. रॉडमध्ये मागे टाकी भरून राहत नाही एवढाच त्याचा फायदा. पण पाणी तापलं का म्हणून बोट बुडवण्याआधी प्लग काढा, नुसतं बटण नाही, प्लग. आणि लोखंडी बादली अजिबात नको. पाटील काका, तुमच्याकडे लोखंडीच आहे ना?