चतकोर चतकोर: अंबडच्या एका लाइनवर सुपरवायझर कसा घडतो

(दृश्य: पावणेसात, कंपनीचं गेट, बाइकची रांग, पंचिंग)

सकाळचे पावणेसात, नाशिकची अंबड एमआयडीसी. फर्स्ट शिफ्ट आत चाललीय आणि थर्ड शिफ्ट बाहेर, कुणी सिडकोतून आलंय, कुणी पाथर्डी फाट्याकडून. ही जी घोळक्यात उभी आहेत ती पोरं पेठ-सुरगाण्याकडची, चौघं मिळून एक खोली घेऊन राहतात. कारखाना गाड्यांचे पार्ट बनवतो. टर्निंग, ड्रिलिंग, थोडं ग्राइंडिंग, अशी शेडं इथे गल्लोगल्ली आहेत. एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, १९६२ ला सुरू झालं, नाशिकला आधी सातपूर झालं मग अंबड, आणि मायको म्हणजे आजची बॉश, महिंद्रा, अशा मोठ्या कंपन्यांच्या आधाराने ही छोटी युनिटं उभी राहिली. बऱ्याच मालकांनी स्वतः आधी मोठ्या कंपनीत मशीन चालवलंय.

आता या बोर्डाकडे बघा.

(दृश्य: स्किल मॅट्रिक्सचा बोर्ड, क्लोजअप)

कुणाला कुठलं मशीन किती येतं ते यावर दिसतं. डावीकडे माणसांची नावं, वर मशीनची नावं आणि प्रत्येक चौकटीत एक गोल. गोलाचे चार भाग. एक चतकोर काळा म्हणजे शिकतोय. दोन म्हणजे कुणी शेजारी उभं असेल तर करतो, तीन म्हणजे एकटा करतो, आणि पूर्ण गोल काळा म्हणजे हा माणूस दुसऱ्याला शिकवू शकतो. हा बोर्ड खूप कंपन्यांत असतो, ऑडिटच्या आधी रंगवला जातो आणि मग वर्षभर तसाच. इथे तो दर शनिवारी बदलतो, मार्कर सुपरवायझरच्या हातात असतो आणि ज्याचा गोल भरायचा तो माणूस समोर उभा असतो. वरच्या ओळीतले काका बघा, बारा मशीनपैकी नऊ गोल पूर्ण काळे, चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत पण बोर्डासमोरून जाताना पाय थांबतो त्यांचा.

आपल्याकडे सुपरवायझर होतो कसा? लाइनवरचा सगळ्यात चांगला ऑपरेटर असतो त्याला एक दिवस केबिनमध्ये बोलावतात, चहा पाजतात आणि उद्यापासून लाइन तू बघ म्हणतात. झालं! कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांनाच आता सुट्टी नाही म्हणायचं, त्यांच्याकडूनच प्रॉडक्शन काढायचं, आणि हे कसं करायचं ते कुणीच सांगितलेलं नसतं. मशीन येतं, माणसं येत नाहीत. मग तो त्याच्या वेळच्या सुपरवायझरने जे केलं तेच करतो, म्हणजे ओरडतो. एक चांगला ऑपरेटर गेला आणि एक त्रासलेला सुपरवायझर मिळाला, आणि दोष त्याच्या स्वभावाला दिला जातो. मला हे पटत नाही, वेल्डिंग शिकवल्याशिवाय कुणाच्या हातात टॉर्च देत नाही, मग दहा-पंधरा माणसं कशी देतो?

(दृश्य: कँटीन, टेबलावर वायरचे तुकडे)

इथे मालकांनी सगळ्या सुपरवायझरांना कँटीनमध्ये बसवलं, शिफ्टच्या वेळेत, पगारी. ट्रेनरच्या हातात दुपदरी वायर आहे. बल्बच्या होल्डरमध्ये इलेक्ट्रिशियन जी गाठ मारतो, म्हणजे वायर ओढली तरी ताण स्क्रूवर येत नाही, ती ही गाठ. आधी तो नुसतं तोंडाने सांगतो, हे टोक मागून घ्या, तो फास पुढून काढा. करा आता. कुणालाच जमत नाही, बघा चेहरे. मग तो काहीच न बोलता करून दाखवतो. तरी जमत नाही, कारण समोर बसलेल्याला सगळं उलटं दिसतं. तिसऱ्यांदा तो एकाला बोलावतो, समोर नाही, शेजारी उभं करतो. एक एक पायरी, कुठे बोट ठेवायचं, आणि का. मग त्याच्याकडूनच करून घेतो, तोंडाने बोलत बोलत. आणि गाठ बसते.

(दृश्य: जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो, कारखान्यातल्या बायका)

हा गाठीचा खेळ ऐंशी वर्षांपेक्षा जुना आहे. १९४० मध्ये अमेरिकेत लढाईच्या तयारीसाठी ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री, टीडब्ल्यूआय, नावाचा सरकारी कार्यक्रम निघाला. पुढे कारागीर माणसं फौजेत गेली आणि कारखान्यात शेतावरची माणसं आली, बायका आल्या, ज्यांनी मशीन कधी पाहिलंही नव्हतं. शिकवायला वेळ नाही आणि माल तर कालच पाहिजे होता. त्यांनी कामगारांना सोडून सुपरवायझरला पकडलं. दहा जणांची बॅच, एका विषयाला रोज दोन तास, पाच दिवस, आणि असे तीन विषय: काम कसं शिकवायचं, काम सोपं कसं करायचं आणि माणसांशी कसं वागायचं. १९४५ पर्यंत सोळा लाखांहून जास्त लोकांनी सर्टिफिकेट घेतलं. त्यांचं एक वाक्य होतं की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलंच नाही. लढाई संपली आणि अमेरिकेत हे मागे पडलं, पण जपानने ते उचललं, १९५० च्या दशकात टोयोटाने घेतलं, आणि आज आपल्याकडे स्टँडर्ड वर्क (कामाची ठरलेली एकच पद्धत), कायझेन (सतत थोडी थोडी सुधारणा) असं जे जपानी म्हणून येतं त्यातलं बरंचसं या दहा-दहा तासांच्या वर्गांतून गेलेलं आहे.

(दृश्य: सीएनसी मशीन, ताई आणि नवा मुलगा)

आता तेच इथे. या ताई ऑपरेटर होत्या, आता लाइन बघतात. समोरचा मुलगा आयटीआय करून नुकताच लागलाय. ताईंच्या हातात एक कागद आहे, तीन रकाने, काय करायचं, कशावर लक्ष, आणि का. जॉब, म्हणजे घडवायचा पार्ट, चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, लावायचा ही पायरी. लक्ष कशावर, तर आधी जॉब जिथे टेकतो ती बाजू एअर गनने साफ करायची आणि चिप, म्हणजे धातूचा कीस, राहिली नाही ना ते बोटाने बघायचं. का, कारण बारीकशी चिप अडकली तरी जॉब तिरका बसतो आणि साइज जाते, म्हणजे माप चुकतं. ताई आधी स्वतः करतात, मग सांगत करतात, मग त्याला करायला लावतात.

"आधी काय बघायचं?"
"चिप, ताई."
"का बघायची?"
"जॉब तिरका बसतो."
"मग?"
"साइज जाते, गेजचं नो-गो आत जातं."

नो-गो म्हणजे माप तपासायच्या गेजचं ते टोक जे जॉबमध्ये जायला नको.

तो मध्ये अडकतो, ताई लगेच हात घालत नाहीत, बघा, हात पाठीमागे बांधलेत. तासाभराने त्या परत येतात, दुपारी परत.

(दृश्य: सुट्टीचा कॅलेंडर, सकाळची मीटिंग)

टीडब्ल्यूआयच्या तिसऱ्या, माणसांशी वागण्याच्या विषयात चार गोष्टी सांगितल्यात. माणसाला कळू द्या त्याचं कसं चाललंय. चांगलं केलं तर तोंडावर सांगा. बदल होणार असेल तर आधी सांगा. त्याच्यात जे आहे ते पुरेपूर वापरा. वाचायला सोपं आहे, करायला नाही. हा कॅलेंडर त्यातलाच. इथल्या निम्म्या लोकांची गावाकडे शेती, पौषात कांद्याची लागण चालू असते, तेव्हाच निवृत्तीनाथांची त्र्यंबकची यात्रा, मग चैत्रात सप्तशृंगी गड. आधी लोक न सांगता दांडी मारायचे आणि सुपरवायझर सोमवारी तमाशा करायचे. आता नोव्हेंबरमध्येच ताई प्रत्येकाला विचारतात, दादा तुमचं रान किती, किती दिवस लागतील, आणि बोर्ड बघून ठरवतात कुणाच्या मशीनवर कोण उभं राहील. म्हणून तर एकाला तीन मशीन यायला पाहिजेत.

एक सांगतो, पगार आणि ओव्हरटाइम वेळेवर नसेल तर यातलं काहीच टिकत नाही. ओव्हरटाइमला डबल रेट हे १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टपासून कायद्यात आहे, शाबासकीने ते भरून निघत नाही.

रिजेक्शन उतरलं, दिवाळीनंतर परत न येणारी पोरं कमी झाली.

(दृश्य: बोर्डाची खालची बाजू, रिकामी जागा)

बोर्डाच्या खाली ही जागा रिकामी ठेवलीय. लाइनवर उभी असलेली काही मुलं ठेकेदाराकडची आहेत, काम तेच करतात पण नाव बोर्डावर नाही, कारण ती उद्या दुसऱ्या कंपनीत पाठवली जातील. ताईंनी हे मीटिंगमध्ये काढलं, मालकांचं ठेकेदाराशी बोलणं चालू आहे. तोपर्यंत ताईंच्या वहीत या मुलांचे गोल वेगळे काढलेले आहेत, शनिवारी त्यांचेही भरतात.