मुलांमध्ये राहून बालशिक्षिका होताना

श्रोतेहो, नमस्कार. इंग्लंडमध्ये बालशिक्षिका होण्याची एक वाट थेट नर्सरीच्या दारातून जाते. काही महिन्यांच्या बाळांपासून पाच वर्षांपर्यंतची मुले जिथे दिवसाचा मोठा भाग घालवतात, अशा नर्सरीत शिकाऊ म्हणून नोकरीला लागायचे, अनुभवी शिक्षिकांच्या हाताखाली काम करायचे आणि ते करता करताच पात्रता मिळवायची, अशी ही योजना आहे. तिच्या नियमांविषयी मी थोडे सांगेन. पण मला अधिक बोलायचे आहे ते या काळात शिकाऊ शिक्षिका नेमके काय शिकते याविषयी. माझ्या मते तिला सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त काळ शिकावे लागते ते लहान मुलाकडे नीट पाहणे.

या वाटेने मिळणारी पात्रता तिसऱ्या स्तराची, म्हणजे ढोबळमानाने आपल्या बारावीच्या बरोबरीची असते आणि तिला साधारणपणे वर्ष-दीड वर्ष लागते. शिकाऊ उमेदवाराला पगार मिळतो, आणि बालविकासाचा सैद्धांतिक अभ्यास त्या पगारी वेळेतच करायचा असतो. सप्टेंबर २००८ मध्ये लागू झालेली आणि पुढे अनेकदा सुधारलेली एक कायदेशीर चौकट देशभरातल्या अशा सर्व केंद्रांना बांधून ठेवते. तिच्यात शिक्षणाची सात क्षेत्रे आहेत. मात्र त्यांतली भाषा आणि संवाद, शारीरिक विकास, तसेच भावनिक-सामाजिक विकास ही तीन आधीची मानली आहेत, आणि अक्षरओळख व गणित त्यांच्यानंतर येतात. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे बाळाचे कपडे बदलणे, त्याला भरवणे, झोपवणे ही कामे शिक्षणाच्या बाहेरची राहत नाहीत.

पहिल्या काही आठवड्यांत शिकाऊ शिक्षिकेच्या वाट्याला मुख्यतः हीच कामे येतात, आणि पुष्कळ जणींना सुरुवातीला वाटते की आपण शिकवायला आलो आणि आपल्याला सांभाळायला लावले. पण अनुभवी शिक्षिका लंगोट बदलते तेव्हा तिच्याकडे लक्ष देऊन पाहावे. बाळाला उचलण्याआधी ती त्याच्यासमोर येते, आता आपण काय करणार हे त्याला सांगते आणि क्षणभर थांबते. बाळ हुंकार देते, पाय झाडते, कधी नजर वळवते; त्या प्रत्येकाला ती उत्तर देते आणि पुन्हा थांबते. बोलण्यात आळीपाळी असते हे त्या बाळाला असेच, शब्द येण्याच्या कितीतरी आधी कळू लागते. नवख्या मुलीला यातले बोलणे लवकर जमते, थांबणे मात्र उशिरा जमते. शांतता पसरली की ती आपल्याच शब्दांनी भरून काढण्याची घाई आपल्या सर्वांनाच असते.

एका शिक्षिकेकडे किती मुले असावीत हेही कायद्याने ठरवलेले आहे. दोन वर्षांखालच्या ३ मुलांमागे किमान १ मोठी व्यक्ती असावी लागते. दोन वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण पूर्वी ४ मुलांमागे १ असे होते. सप्टेंबर २०२३ पासून ते ५ मुलांमागे १ असे सैल करण्यात आले. केंद्रांचा खर्च त्यामुळे हलका होत असेल, पण मला हा बदल पटलेला नाही. दोन वर्षांच्या मुलाला राग येतो, पण तो सांगायला शब्द नसतात. अशी पाच मुले एकीकडे सांभाळायची आणि दुसरीकडे त्यांच्यातल्या एकाच्या मनात काय चालले आहे हे ओळखायचे, ही अपेक्षा नवशिक्या मुलीच्या बाबतीत तर फारच जड आहे.

प्रत्येक मुलासाठी एक ठरलेली शिक्षिका असलीच पाहिजे, असाही तिथे नियम आहे. आईवडिलांपासून दूर राहणाऱ्या बाळाला खोलीतल्या सगळ्याच माणसांचा सारखा आधार वाटत नाही. त्याला एक ओळखीचा चेहरा, एक ओळखीचा आवाज लागतो, आणि तो जवळ असला की ते चार पावले लांब जाऊन खेळायला धजावते. शिकाऊ शिक्षिका सुरुवातीला अशा शिक्षिकेच्या सोबतीने वावरते. सकाळी दारात रडणाऱ्या मुलाचे लक्ष खेळण्याकडे वळवून आईला गुपचूप निघून जायला सांगणे सोपे असते, पण ते करू नये हे ती इथे शिकते. आईने निरोप घ्यावा, मुलाने रडावे, आणि कुणीतरी त्याला जवळ घेऊन ‘आई गेली म्हणून तुला वाईट वाटते आहे’ असे त्याच्या रडण्याचे कारण शब्दांत मांडावे, हे अधिक वेळखाऊ असले तरी अधिक प्रामाणिक आहे. नकळत निघून गेलेली आई पुन्हा अशीच नाहीशी होईल, या धास्तीने मूल पुढचे अनेक दिवस दाराकडेच पाहत राहू शकते.

आता निरीक्षणाकडे येते. शिकाऊ शिक्षिकेला मुलांच्या नोंदी लिहायच्या असतात, आणि ‘ठोकळ्यांशी छान खेळला’ अशी नोंद तिच्या मार्गदर्शक शिक्षिका परत करतात. मूल किती वेळ खेळले, ठोकळा कोणत्या हाताने उचलला, मनोरा पडल्यावर ते कुणाकडे पाहून हसले, शेजारच्या मुलाने ठोकळा घेतला तेव्हा काय केले, हे सगळे, आणि शक्य तेव्हा मुलाचे स्वतःचे शब्द, त्या नोंदीत यावे लागतात. समजा, दोन वर्षांची एक मुलगी सकाळभर खेळण्यातली भांडी पिशवीत भरून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेते आणि तिथे ओतते. वरवर पाहणाऱ्याला तो पसारा वाटेल आणि तो तिला अडवेल. नीट पाहणाऱ्या शिक्षिकेला दिसते की वस्तू इकडून तिकडे नेण्याचाच ध्यास या मुलीने सध्या घेतला आहे. जड आणि हलके, भरलेले आणि रिकामे, मावते आणि मावत नाही, हे ती हातांनी शोधते आहे. मग दुसऱ्या दिवशी खोलीत लहानमोठ्या टोपल्या आणि ओढायची गाडी ठेवली जाते. पाठ तयार करण्याची ही पद्धत पुस्तकात वाचून समजते, पण हाताला वळण लागते ते रोज मुलांमध्ये बसल्यानेच. मूल दोन ते तीन वर्षांचे असताना त्याच्या प्रगतीचा लेखी आढावा पालकांना द्यावाच लागतो. बोलणे मागे पडते आहे का, कमी ऐकू येते आहे का, याची पहिली शंका पुष्कळदा अशा साध्या नोंदींतूनच येते.

या कामाचे शिक्षण मुलांमध्येच व्हावे हा विचार त्या देशात नवा नाही. लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत मार्गारेट आणि रेचेल मॅकमिलन या बहिणींनी १९१४ मध्ये मोकळ्या हवेतली बालशाळा सुरू केली. तिच्याजवळच मार्गारेट यांनी १९३० मध्ये बहिणीच्या नावाने शिक्षिकांसाठी महाविद्यालय उभे केले. बाग, आंघोळ, पोटभर जेवण आणि दुपारची झोप या गोष्टींना त्यांनी शाळेच्या कामात मानाचे स्थान दिले होते.

सुरक्षिततेचे शिक्षण वेगळे असते आणि त्यात सवलत नाही. लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम करावा लागतो, आणि दर ३ वर्षांनी तो पुन्हा करावा लागतो. द्राक्षे उभी चिरून दिली जातात, बाळांना पाठीवर झोपवले जाते. मुलाच्या अंगावरचा वळ किंवा बोलण्यातली भीती लक्षात आली, तर ती त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीच्या कानावर घालावी लागते, आणि मुलाला ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन कधीही द्यायचे नसते.

एवढी जबाबदारी पेलणाऱ्या शिकाऊ उमेदवाराचे किमान वेतन एप्रिल २०२५ पासून ताशी ७.५५ पौंड होते. त्याच वेळी २१ वर्षांवरील सर्वसाधारण कामगारासाठी ते १२.२१ पौंड होते. वय १९ किंवा अधिक असेल आणि पहिले वर्ष संपले असेल, तर शिकाऊ व्यक्तीलाही तिच्या वयाचे पूर्ण किमान वेतन मिळते. तरीही मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते की हा मोबदला अपुरा आहे. तो परवडत नाही म्हणून मन लावून शिकलेली मुलगी निघून गेली, तर तिच्यावर विसावलेल्या मुलांना पुन्हा नव्या चेहऱ्याची सवय करून घ्यावी लागते.

प्रशिक्षणाच्या अखेरीस मूल्यमापन असते. एक ज्ञानचाचणी, आणि दुसरी शिकाऊ शिक्षिकेने जमवलेल्या नोंदींच्या आधारे परीक्षकाशी सविस्तर चर्चा. अमुक मुलासाठी तुम्ही काय केले, ते का केले, आणि त्याचा उपयोग झाला हे कशावरून ठरवले, या प्रश्नांची उत्तरे तिथे द्यावी लागतात. ती समाधानकारक ठरली की तिला पात्र शिक्षिका म्हणून मान्यता मिळते. नमस्कार.