खळ, कात्री आणि बाँड

(साखर पेठ. गल्लीतून यंत्रमागांचा खडखडाट.)

सोलापूरच्या पूर्व भागात हा आवाज थांबला, तर लोक झोपेतून दचकून उठतात. याच आवाजात बसून इंग्रजीच्या एका प्राध्यापकांनी पॉलिन केल वाचल्या. सर आता निवृत्त आहेत. केल अमेरिकेतल्या ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाच्या चित्रपट समीक्षक. 1968 पासून 1991 पर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, त्या तिथेच लिहीत राहिल्या.

(खतावणी उघडते.)

ही जुनी खतावणी. जमाखर्चाच्या रकान्यांवर चिकटवलेला जेम्स बाँड, म्हणजे बाँडपटांवरच्या केल यांच्या परीक्षणांची कात्रणं. कात्रणांच्या कडांना निळसर झाक दिसते ना, ती मोरचुदाची. सर विणकराच्या घरातले, त्यामुळे ताण्याच्या सुताला खळ लावताना लहानपणापासून पाहिलेलं. तीच विद्या इथे वापरली. मैदा गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही. मंद आचेवर, हात न थांबवता ढवळायचा. उतरवताना चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. खळ बोटाने लावायची, ब्रशने नाही. ब्रशने कागद फुगतो, असं सरांचं ठाम मत.

अंक मिळायचे मुंबईत, फोर्टच्या फुटपाथवर. शिळे, कधी कव्हर फाटलेले. तरी बाँडपटाच्या आधी बऱ्याचदा परीक्षणच सोलापुरात पोचायचं. सिनेमा मागाहून यायचा, तोही मॉर्निंग शोला.

(भागवत टॉकीजचा परिसर, बाहेरून.)

रांगेत उभं राहून सर विद्यार्थ्यांना केल यांचं म्हणणं मराठीत सांगायचे. 1969 चा ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ घ्या. केल यांच्या मते नवा नायक जॉर्ज लेझन्बी कंटाळवाणा, पटकथाही बेताची, आणि तरीही सिनेमा थरारक! नायक नापास, सिनेमा पास. आता साडेतीन तारे देऊन मोकळं होणाऱ्यांना हे कसं जमावं?

गंमत म्हणजे केल यांच्या 1968 च्या पुस्तकाचं नाव ‘किस किस बँग बँग’. हे शब्द त्यांना एका इटालियन सिनेमाच्या पोस्टरवर दिसले होते. चुंबन आणि गोळीबार, सिनेमाचं आकर्षण याहून थोडक्यात सांगता येणार नाही, असं त्यांना वाटलं. इटलीत बाँडलाही ‘मिस्टर किस किस बँग बँग’ म्हणत.

या पानावर कात्रण अगदी बोटभर आहे. 1979 पर्यंत केल वर्षातले सहाच महिने लिहीत, उरलेले सहा महिने दुसऱ्या समीक्षक पेनेलोप गिलिएट यांचे. 1977 चा ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ आला उन्हाळ्यात. त्यावर केल यांची सापडते ती छोटी टीप. रॉजर मूरच्या बाँडपटांत हाच सर्वांत चांगला, केन ॲडमचे सेट झकास, आणि मूरला घाबरायची संधी मिळाली, ती त्याला शोभली. समासात सरांची पेन्सिल: ‘अगदी!’

1985 च्या ‘अ व्ह्यू टू अ किल’ला मात्र केल यांनी सोलून काढलं. मालिकेतला सगळ्यांत पडेल सिनेमा, असाच सूर. इथे पेन्सिल भांडते: ‘बाई, आयफेल टॉवरवरून उडी पाहिलीत ना?’ पाहिलीच असणार, पण एकदाच. केल कुठलाही सिनेमा सहसा दुसऱ्यांदा पाहत नसत. सरांनी तो किती वेळा पाहिला, हे त्यांच्या घरी विचारा.

खतावणी ठेवून घ्याल का, असं दोन ठिकाणी विचारलं. जागा नाही म्हणाले.

1991 मध्ये केल निवृत्त झाल्या. पुढचा बाँड, ‘गोल्डनआय’, आला 1995 मध्ये. कात्रण मिळणार नव्हतं, म्हणून सरांनी परीक्षण स्वतःच लिहिलं, मराठीत, शाईने. त्यात बाँड रणगाड्यातून सेंट पीटर्सबर्गच्या भिंती फोडत निघतो आणि मध्येच टाय सारखा करतो.

सरांचं पहिलं वाक्य: ‘रणगाडा उत्तम, नायक इस्त्रीचा.’