पिरॅमिडमध्ये जेवायला बसलेला माणूस

नमस्कार श्रोतेहो.

इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्स नावाचा परगणा आहे. त्यात ब्राइटलिंग हे लहानसं गाव. गावात संत थॉमस बेकेट यांच्या नावाचं जुनं दगडी चर्च, चर्चच्या आवारात गावाची दफनभूमी. गवतात उभ्या असलेल्या साध्यासुध्या शिळा. आणि त्या शिळांमध्ये एक पिरॅमिड! इजिप्तच्या चित्रात बघतो तसाच, चौकोनी बुडाचा, वर निमुळता होत गेलेला. उंची 25 फूट, म्हणजे आपल्याकडच्या दुमजली घराच्या गच्चीपर्यंत पोचेल इतकी.

हा पिरॅमिड म्हणजे एका जमीनदाराची कबर. जॉन फुलर त्याचं नाव. ती त्यानं स्वतःच, हयातीत बांधून घेतली. साल लक्षात ठेवा, 1811. आणि फुलर वारला 1834 साली. म्हणजे तब्बल 23 वर्षं त्याची कबर तयार होती आणि तो हिंडत-फिरत होता. गावी असेल तेव्हा चर्चच्या वाटेवर त्याला ती दिसत असणार. 23 वर्षं!

लोक त्याला 'मॅड जॅक' म्हणत, वेडा जॅक. त्याला स्वतःला 'ऑनेस्ट जॅक', म्हणजे सचोटीचा जॅक, हे नाव आवडायचं. विशीत काकाची इस्टेट हाती आली. पुढे पार्लमेंटात गेला. 1810 साली तिथे दारूच्या नशेत सभापतींनाच नको ते बोलला आणि त्याला सभागृहाबाहेर काढावं लागलं. देह अगडबंब, आवाज तसाच.

आता ती गोष्ट. गेली कित्येक वर्षं मी ही गोष्ट भेटेल त्याला सांगत आलो आहे, आज तुम्हाला सांगतो.

फुलर वारला. पिरॅमिडचं दार बंद झालं. आणि गावात बोलणं सुरू झालं की जॅकला पुरलेलं नाहीच. त्याला बसवलंय! आत लोखंडी खुर्ची आहे, खुर्चीवर जॅक. अंगावर मेजवानीला जातानाचा पोशाख, डोक्यावर उंच टोपी. समोर टेबल. टेबलावर भाजलेली अख्खी कोंबडी आणि शेजारी लाल वाइनची बाटली. जॅक जेवायला बसलाय, आणि कयामतीच्या दिवसापर्यंत बसून राहणार आहे.

एवढ्यावर थांबेल तर ते गाव कसलं? पुढे सांगायचे की आतल्या जमिनीवर फुटक्या काचा पसरून ठेवल्यात. का? तर सैतान जॅकचा आत्मा न्यायला आला, की त्याचे पाय चिरले जावेत! काय डोकं आहे बघा. आपल्याकडे कुंपणाच्या भिंतीवर काचा रोवतात ना चोरासाठी, तेच इथे सैतानासाठी. आजीनं नातवाला सांगितलं, नातवानं म्हातारपणी आपल्या नातवाला सांगितलं. टोपी, कोंबडी, बाटली, काचा. यातलं काही गळलं नाही. जवळजवळ दीडशे वर्षं गेली.

मग आलं 1982 साल. पिरॅमिडची दुरुस्ती निघाली आणि आत नीट बघायची वेळ आली. दार उघडलं. आत खुर्ची नाही. टेबल नाही. कोंबडी नाही, बाटली नाही. जॅक फुलर चारचौघांसारखाच जमिनीखाली पुरलेला होता. भिंतीवर मात्र थॉमस ग्रे या कवीच्या प्रसिद्ध विलापिकेतलं एक कडवं कोरलेलं. त्याचा आशय असा, की कुळाचा गर्व, सत्तेचा थाट, रूप, संपत्ती, सगळ्यांची वाट शेवटी कबरीकडेच जाते. मला हे कडवं त्या कोंबडीपेक्षा जास्त हलवून जातं. बाहेर 25 फूट दगड, आणि आत हे शब्द.

तरीही गोष्ट मेली नाही. आजही लोक दाराच्या जाळीतून आत डोकावतात.

इथे मला पंढरपूर आठवल्याशिवाय राहत नाही. नामदेवांनी जागा कुठली मागितली? विठ्ठलाच्या महाद्वारातली पायरी. का, तर येणाऱ्या-जाणाऱ्या संतांच्या पायांची धूळ अंगावर पडावी. हल्ली देवळात गेलं की पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचं नाव, बाकाच्या पाठीवर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव. मला ते मनापासून खुपतं. नाव घालायचंच तर पायरीवर घालावं. असो, ब्राइटलिंगला परत येऊ.

फुलरला बांधकामाचा भारी सोस. त्या टापूत त्यानं स्तंभ उभारला, देऊळवजा घुमट बांधला, वेधशाळा बांधली. एक उंच सुळकाही बांधला. म्हणतात की 'माझ्या घरातून शेजारच्या डॅलिंग्टन गावच्या चर्चचा कळस दिसतो' अशी पैज त्यानं लंडनमध्ये मारली, घरी येऊन बघतो तर मध्ये टेकडी! मग त्या कळसासारखाच सुळका त्यानं माळावर घाईघाईनं उभा करवला. त्याला 'शुगर लोफ' म्हणतात. गुळाची ढेप आपण जाणतो. तिकडे तेव्हा साखर उभट सुळक्याच्या आकारात मिळे, त्यावरून हे नाव.

साखर हा शब्द आला, तर हेही बोललंच पाहिजे. फुलरला काकाकडून ससेक्सच्या जमिनीबरोबर जमैकातले उसाचे मळे मिळाले होते. त्या मळ्यांत आफ्रिकी गुलाम राबत. आणि फुलर पार्लमेंटात गुलामीच्या बाजूनं बोलत असे. त्यानं चांगली कामंही केली. बोडियमचा जुना किल्ला पाडला जाईल म्हणून 1829 मध्ये विकत घेऊन वाचवला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेला पैसा दिला, त्यातून रसायनशास्त्राचं प्राध्यापकपद निर्माण झालं आणि 1833 मध्ये त्यावर पहिला माणूस बसला तो थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे. बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला पोरगा! फॅरडेचं नाव घेतलं की मी हात जोडतो. पण जमैकातल्या मळ्यांचा पैसाही फुलरच्याच घरात येत होता, आणि ज्यांनी तो ऊस तोडला त्यांच्यासाठी 25 फूट सोडा, एक वीतभर दगडही कुणी रोवला नाही. कोंबडी-बाटलीच्या गोष्टीत त्यांचा उल्लेख येत नाही. म्हणून मी ती सांगतो तेव्हा जमैका जोडूनच सांगतो.

फुलर वारला 11 एप्रिल 1834 रोजी. ब्रिटिश वसाहतींतली गुलामी संपवणारा कायदा अमलात आला 1 ऑगस्ट 1834 रोजी. मधे चार महिनेही नव्हते.

नमस्कार.