जुना पॅटर्न कसा वाचावा

मंडळी, आज मी एकाच ड्रेसबद्दल बोलणार आहे. बटरिक कंपनीचा ६०१५ नंबरचा पॅटर्न, म्हणजे कपडा बेतायचा कागदी नमुना, साल १९५२. अमेरिकेत तो 'वॉक-अवे ड्रेस' म्हणून गाजला. न्याहारीनंतर शिवायला बसा आणि दुपारच्या जेवणाला तोच घालून बाहेर पडा, अशी त्याची जाहिरात होती. जुन्या पॅटर्नवरून घरी ड्रेस शिवताना जे जे समजून घ्यावं लागतं, ते जवळपास सगळं या एका ड्रेसमध्ये येतं.

आधी त्याची ठेवण पाहू. ड्रेस डोक्यातून घालायचा. पुढचा भाग अरुंद आणि सरळ, तो कमरेवरून मागे नेऊन अडकवायचा. मागचा भाग भरपूर घेराचा, तो दोन्ही बाजूंनी पुढे आणून कमरेवर गुंड्या लावायच्या. बाजूची शिवण नाही, चेन नाही. कडा मात्र सगळ्या मोकळ्या, आणि त्या प्रत्येक कडेला उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरकी कापलेली, पट्टी लावायची. शिवायचा खरा वेळ या पट्टीतच जातो. गळ्याच्या आणि मुंढ्याच्या (हात घालायच्या भोकाच्या) वळणावर पट्टी किंचित ताणून, घेराच्या बाहेरच्या वळणावर जराशी सैल सोडून लावावी लागते. हात बसलेला असेल त्याच बाईला जेवणाची वेळ गाठता येईल. तुम्ही सावकाश शिवा.

एवढा घेर कुठून आला, हेही सांगण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, अमेरिकन सरकारने तयार कपड्यांना किती कापड लावायचं यावर बंधनं घातली होती. स्कर्टचा घेर, खालची दुमड, सगळं मोजूनमापून. १९४७ मध्ये पॅरिसला फॅशन डिझायनर क्रिस्तियाँ दिओरने बारीक कंबर आणि भरघोस घेर पुढे आणला, आणि काही वर्षांतच तो घरच्या शिवणातही उतरला.

आता कागदाकडे वळू. एबेनेझर बटरिक हा मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावचा शिंपी. त्याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला काढले. त्याआधी मासिकांतून येणारा नमुना बहुतेक एकाच मापाचा असे आणि तो लहानमोठा करणं बाईच्या अंदाजावर सोडलेलं असे. पातळ कागदाच्या त्या पॅटर्नवर अनेक दशकं एक अक्षरही छापलेलं नसे. नुसती भोकं आणि कडेला खाचा. उभा धागा कुठला, टक (कापड चिमटून घातलेली शिवण) कुठे, घडीवर कुठली बाजू ठेवायची, हे सगळं त्या भोकांवरून ओळखायचं, आणि भोकांचे अर्थ कंपनीगणिक वेगळे. तुमच्या हाती असा बिनछापील पॅटर्न आला तर सूचनांचा कागद आधी शोधा. तो नसेल तर निदान पहिल्यांदा तो पॅटर्न घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो साइजच्या आकड्याचा. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात १४ नंबर म्हणजे ३४ इंच छाती. १९६७-६८ च्या सुमारास अमेरिकन कंपन्यांनी आकडे बदलले आणि तीच ३४ इंच छाती १२ नंबरवर गेली. दुकानात आज जो आकडा मिळतो त्याचा यांपैकी कशाशीच मेळ नाही. म्हणून नंबर बघायचाच नाही, पॅटर्न ज्या लिफाफ्यात येतो त्यावरची छाती इंचात बघायची. तेवढ्यावरही थांबू नका. टेप घेऊन कागदच मोजा. शिलाईची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड, वगळून छाती, कंबर आणि मानेपासून कमरेपर्यंतची पाठ. अंगाच्या मापापेक्षा कागद किती मोठा आहे, तेवढी ढिलाई त्या पॅटर्नमध्ये धरलेली आहे. त्या काळात आतून घट्ट कमरपट्टा घालायची पद्धत होती, त्यामुळे कंबर बहुतेकींना आवळ होते.

आपल्याकडे ब्लाउज बेतताना बाजूला भरपूर माया ठेवतात, पुढेमागे उसवून सैल करता यावा म्हणून. या जुन्या पॅटर्नांमध्ये माया सगळीकडे पाऊण इंचाहून कमी, साधारण दीड सेंटिमीटर. ६०१५ ला तर बाजूची शिवणच नाही. तेव्हा कंबर सैल करायची ती कागदावरच, कापायच्या आधी.

मूळ कागदाला कात्री लावायची नाही. कोमट, कोरडी इस्त्री हलक्या हाताने फिरवायची, मग खाकी कागदावर उतरवून घ्यायचा, खाचांसकट. त्यावरून मांजरपाटाचा वरचा भाग बेतून कच्चे टाके घालायचे आणि आरशासमोर हात वर करून, खाली बसून बघायचं. मुंढा काचत असेल तर तो इथेच कळतो.

कापड पॉपलीन किंवा केंब्रिक घ्या, जॉर्जेट नको. आधी पाण्यातून काढा. जुनी मांडणी ३५ किंवा ३९ इंच पन्ह्याची असते आणि आपलं कापड ४४ इंची, त्यामुळे तुकडे जमिनीवर स्वतः मांडून किती मीटर लागेल ते ठरवा.

शेवटचं काम घेराचं. गोल घेरात काही भाग उरेबवर येतो आणि तो स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. वरचं सगळं झालं की ड्रेस निदान एक दिवस हँगरला टांगून ठेवा. मग अंगात घालून सरळ उभ्या राहा, कुणाला तरी जमिनीपासून लाकडी फूटपट्टीने मोजत खडूच्या खुणा करायला सांगा, वाढलेलं कापा, आणि त्यानंतरच खालची पट्टी लावा.